राखेआधीचं पाणी

बाबा, आई हल्ली मला तुम्ही समजते. आधी अधूनमधून व्हायचं, नाताळ झाल्यापासून रोजचंच झालं आहे. तिचं फारसं चुकतं असंही नाही म्हणा. माझे केस तुमच्यासारखेच कपाळावरून मागे सरकले आहेत, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवायची खोड तुमचीच उचलली आहे, आणि सकाळचा खोकला तर तुम्ही जाता जाता माझ्या नावावर करून गेलात असं तुमची सून म्हणते. नांदेडच्या या फ्लॅटमध्ये तुमचा एकच फोटो आहे, टीव्हीच्या वर लावलेला. आई त्याच्याकडे बोट दाखवून विचारते, "ह्ये कोन हायत? कुनाकडचे पाव्हणे?" आणि मग माझ्याकडे वळून डोक्यावरचा पदर सारखा करते. मुलाला बघून कुठली आई पदर सारखा करते? पहिल्यांदा तिनं तसं केलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो होतो.

पण हे सगळं वयाचं आहे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि आता यापुढे असंच, असं म्हणून मान हलवली. त्याची सवय होईल एखादवेळी. मी लिहायला बसलो आहे ते तिच्या ओंजळीमुळे. सकाळी मी बेसिनशी दाढी करत असलो की ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते, दोन्ही हात जुळवून ओंजळ पुढे करते आणि खाली बघत म्हणते, "माझं चुकलं. मला पोटात घाला." रोज. कधी दोनदा, कधी मी कॉलेजातून आल्यावर पुन्हा. अर्ध्या गालाला फेस लावलेला माणूस काय उत्तर देणार? आणि द्यायचं ठरवलं तरी ते उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्याकडे होतं आणि तुम्ही ते बरोबर घेऊन गेलात.

आमच्या चर्चला नवीन पाळकसाहेब आले आहेत, उदगीरकडचे, पोरसवदा. ते आईला भेटायला आले तेव्हा तिनं त्यांच्यासमोरच माझ्यापुढे ओंजळ धरली. ते बिचारे गोंधळले. त्यांना आपल्या घरची रीत सांगावी लागली. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ही रीत माहीत असलेली माणसं आता दोनच उरलीत, आणि त्यातल्या एकीला बाकी काही आठवत नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे राखेच्या बुधवारी देवळात जाऊन कपाळाला राख लावून घेण्याआधी घरात एकमेकांची माफी मागायची असते. मोठ्यानं आधी मागायची, लहानानं नंतर. मोरीपाशी उभं राहून ओंजळ करायची आणि म्हणायचं, माझं काय चुकलं असेल ते पोटात घाल. समोरच्यानं तोंडानं काही बोलायचं नाही. तांब्यातलं पाणी त्या ओंजळीत घालायचं. त्या पाण्यानं तोंड धुवायचं, पदरानं नाहीतर टॉवेलनं कपाळ कोरडं करायचं आणि मग देवळात ते पुढे करायचं. घरातलं पाणी आधी, देवळातली राख मागून. पाळकसाहेब म्हणाले, "असं आमच्याकडं कुठं न्हाई बघा. लई चांगलं हाय पण." मी म्हणालो, हो, चांगलं होतं.

चांगलंच होतं, बाबा. लातूरला एसटी डेपोमागच्या त्या दोन खोल्यांत वर्षभर तुमचा आवाज चढलेला असायचा. डेपोतल्या वर्कशॉपमध्ये इंजिनांशी बोलून बोलून तुम्ही माणसांशीही तसंच बोलायचात. पण त्या एका सकाळी तुम्ही मोरीपाशी उभे राहता, ग्रीस कधीच न निघालेल्या त्या बोटांची ओंजळ करता आणि आईला म्हणता, "वरीसभर लई वरडलो. पोटात घाल." आई तांब्या उचलते आणि मुद्दाम थोडा वेळ थांबते. "बघू का नको घालू?" म्हणते. तुम्ही म्हणता, "घाल लवकर, घंटा हुईल." मग तुम्ही माझ्यापुढे ओंजळ धरता. एवढा मोठा माणूस खाली वाकून माझी माफी मागतो आहे, हे पाहून मला हसू फुटायचं आणि पाणी अर्धं तुमच्या पायावर सांडायचं. मला वाटायचं सगळ्या जगात राखेच्या बुधवारी हेच चाललेलं असणार.

राखही तुमच्याच हातची असायची. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी देवळात वाटलेल्या शिंदीच्या झावळ्या लोक वर्षभर घरात जपून ठेवायचे आणि वाळून कडकडीत झाल्या की तुमच्याकडे आणून द्यायचे. तुम्ही त्या पत्र्याच्या डब्यात जाळायचात, फडक्यातून राख वस्त्रगाळ करायचात आणि त्यात खोबरेलाचे थेंब टाकून पाळकांकडे न्यायचात. मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आलो की ओरडायचात, "पानी लांब ठेव. ओली राख पोळती." घरी परतताना शेजारचे किराणा दुकानवाले अण्णा गल्ल्यावरून हाक मारायचे. त्यांच्या कपाळावर रोजचे विभूतीचे पट्टे, आमच्या कपाळावर एका दिवसाचा काळा डाग. "मिस्त्री, आज आमच्यात आलात की हो!" तुम्ही म्हणायचात, "तुमची रोजची आंघोळ हाय अण्णा, आमची सालाची." आणि दोघंही दुकान हलेल असं हसायचात.

एकदा मी विचारलं होतं की हा दिवस नक्की कशाला असतो. रविवारच्या शाळेत बाईंनी पश्चात्ताप हा शब्द फळ्यावर लिहून दिला होता आणि त्याचा अर्थ वाईट वाटणे असा सांगितला होता. तुम्ही जेवत होता. घास तसाच हातात धरून तुम्ही म्हणालात, "वाईट वाटून काय हुतंय? समज, गाडी मुरुडला न्यायची हाय आन डायवर चुकून औशाच्या रस्त्याला लागला. मान्सं वरडायली. आता त्यानं स्टेरिंगवर डोकं ठिवून रडावं का? रडून गाडी मुरुडला जात न्हाई. वळवावी लागती. जिथं जागा गावंल तिथं, कुनाच्या शेतात घालून का हुईना, वळवावी लागती." मग राख कशाला, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "वळवताना धुरळा उडतो, त्यो कपाळाला लागतो." आई हसून म्हणाली होती की पाळकाऐवजी तुम्हीच उपदेशाला उभे राहा. पुढे कितीतरी उपदेश ऐकले, पण त्या दिवसाचा अर्थ म्हणून माझ्या डोक्यात आजही तुमची ती गाडीच वळते.

म्हणूनच मला पुढचं कळत नाही.

तुमची आई इस्लापूरच्या पलीकडे त्या गावात एकटी राहायची. तुम्ही बोर्डिंगात शिकताना ख्रिस्ती झालात आणि गावकुसाबाहेरच्या ख्रिस्ती घरातली मुलगी केलीत, हे दोन्ही तिनं कधी पोटात घातलं नाही. तुमचं घर जमीनवाल्यांचं. मी आजीला पाहिलं ते एकदाच, लांबून. आई लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा काय झालं ते तिनं मला मी कॉलेजात असताना सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. तुम्ही दोघं उन्हातून चालत आला होता, तिनं पाणी मागितलं. आजीनं तिला ओसरीवरून खाली अंगणात उतरायला लावलं, ओंजळ करायला लावली आणि तांब्याचा स्पर्श होऊ नये म्हणून उंचावरून पाणी सोडलं. नव्या साडीचा पदर भिजला. "आन बाबा?" मी विचारलं होतं. आई म्हणाली, "ह्ये खांबाला टेकून हुते." तुम्ही काय म्हणालात, असं मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "टेकूनच हुते."

मोरीपाशी तुमच्यापुढे ओंजळ धरताना दरवर्षी तिला ते अंगण आठवत असेल का? की त्या घरात जे पाणी वरून टाकलं गेलं तेच आपल्या घरात जवळून, हाताला हात लावून घालता येतं म्हणून तिला ही रीत इतकी आवडायची? आता विचारून उपयोग नाही. विचारलं तर ती मला चहा घेतला का म्हणून विचारते.

आजीचे डोळे गेले त्या वर्षी मी शाळेत होतो. दोन खोल्यांच्या घरात लपून ऐकायची गरज नसते, सगळं ऐकूच येतं. आई भाकरी थापत होती. तुम्ही दारात बसून म्हणालात, "आईला घिऊन यावं म्हनतो. दिसत न्हाई तिला. एकटी पडलीय." आईनं मान वर केली नाही. "न्हाई," म्हणाली. तुम्ही म्हणालात, "अगं, म्हातारी हाय ती आता." तेव्हा तिचे हात थांबले. "आना तुमी. मंग मी जाते भावाकडं. मी दवाखान्यात आयाचं काम करते, दिसभर कुनाकुनाला पानी पाजते, कुनाला जात इचारत न्हाई. पर त्या बाईला माझ्या माठातलं पानी द्यायला माझा हातच उठनार न्हाई. खोटं कशाला बोलू?" तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही उठून बाहेर गेलात. त्यानंतर तो विषय निघाला नाही, आणि त्याच थंडीत इस्लापूरकडचा एक माणूस डेपोत तुम्हाला शोधत आला. तुम्ही त्याला घरी आणलंत. चहाची कपबशी हातात धरून तो म्हणाला, "कुनी नव्हतं जवळ. पानी पानी करत गेली म्हनत्यात." आई आतल्या खोलीत होती. तिनं ते ऐकलं हे मला माहीत आहे, कारण आतून स्टोव्हचा आवाज एकदम बंद झाला.

राखेचा बुधवार त्यानंतर लगेचच आला. एरवी तुम्ही आधी ओंजळ धरायचात. त्या सकाळी आई आधीच मोरीपाशी जाऊन उभी राहिली होती, तांब्या भरून दगडावर ठेवला होता. तुम्ही शर्टाची बटणं लावत होता. ती म्हणाली, "माझं चुकलं. मला पोटात घाला." तुम्ही थांबलात. तिच्या ओंजळीकडे पाहिलंत. मग राखेचा डबा उचललात, सायकलच्या हँडलला अडकवलात आणि गेलात. ओंजळ तशीच पुढे. मी धावत जाऊन तांब्या उचलला. आईनं हात मागे घेतले. "तुजं न्हाई ते," म्हणाली.

एवढंच म्हणाली. रडली नाही. पण देवळातही आली नाही. घरातलं पाणी न घेता कपाळ पुढे करायचं कसं, असा तिचा प्रश्न असणार. देवळात मी तुमच्याशेजारी बसलो, तुम्ही राख लावून घेतलीत. पाळक काय बोलले ते ऐकू आलं नाही, मी तुमच्या कपाळाकडेच बघत होतो. घरी आलो तर आईच्या कपाळावर मोठा राखाडी ठिपका. फळीवर कागदात उरलेली चिमूटभर कोरडी राख तिनं घेतली होती आणि मोरीवरच्या त्याच तांब्यातल्या पाण्यात कालवून स्वतःच लावली होती. ती तशीच ठेवून झोपली. सकाळी तिथे कातडी लाल होऊन सोलली होती. आरशात बघून ती मला म्हणाली, "बग, देवानं बी घेतलं न्हाई."

आणि तुम्ही ते ऐकलंत, बाबा. तुम्हाला माहीत होतं. ओली राख पोळते हे लातुरात तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं? एका वाक्याचं काम होतं. अगं येडे, पाण्यात कालवलीस म्हणून पोळली, देवाचा काय संबंध. तुम्ही ते म्हणाला नाहीत. तुम्ही फळीवरची खोबरेलाची बाटली काढलीत, आईला स्टुलावर बसवलंत आणि बोटानं हळूहळू तिच्या कपाळाला तेल लावलंत. कितीतरी वेळ लावत होता. हे मी दारातून पाहिलं आहे. मग तुम्ही बाटलीचं झाकण लावलंत आणि ड्यूटीवर गेलात.

ते तेल म्हणजे काय होतं? इतकी वर्षं मी त्या बोटाचा अर्थ लावतो आहे. एखाद्या दिवशी मला वाटतं तेच तुमचं पाणी होतं, तुम्हाला तसंच जमलं. दुसऱ्या दिवशी वाटतं, भाजलेल्या माणसाला कुणीही तेल लावतं. तुम्ही वाईट नवरा नव्हता. तिला ताप आला की तुम्ही भाकऱ्या करायचात, जाड का होईना. पण पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी तुम्ही पहाटेच देवळाच्या तयारीला म्हणून निघून गेलात, त्याच्या पुढच्या वर्षी आईनं दवाखान्यातली सकाळची पाळी मागून घेतली, आणि आपल्या घरातली ती रीत बंद पडली. मला वाटलं, मी मोठा झालो म्हणून बंद पडली असेल. मग एका दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. आईच्या कपाळावरचा तो डाग मात्र राहिला. लोक विचारायचे, वैनी, काय लागलं हो? ती म्हणायची, जुनं हाय.

मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. राखेत क्षार असतात, पाण्यात विरघळले की कातडी जाळतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मागच्या महिन्यात आईला समोर बसवून तेच सांगितलं. आई, देवानं काही केलं नाही, राख पाण्यात कालवली की असंच होतं, कुणाच्याही कपाळाला झालं असतं. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. "व्हय का?" म्हणाली. तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला वाटलं, जिंकलो. मग ती कपाळाला हात लावून म्हणाली, "ह्ये काय लागलं हो मला?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा व्हय का. तिसऱ्यांदा सांगून मी थांबलो. खोटं जसं टिकत नाही तिच्याजवळ, तसं खरंही टिकत नाही. टिकली आहे ती फक्त ओंजळ.

सुरुवातीला मी म्हणायचो, आई, मी आहे, बाबा नाहीत. त्यावर ती घाबरून हात पदराखाली लपवायची, परक्या पुरुषापुढे काहीतरी भलतं बोलून गेल्यासारखी. मग एकदा तुमच्या सुनेनं तिच्या ओंजळीत पाणी घालून पाहिलं. आईनं हात झटकले. "तुजं न्हाई ते." तेच शब्द, तोच सूर. सून मला म्हणते, "तुमीच घाला की आता. तुमच्या हातानं त्यांना बरं वाटत असंल तर बाबा काय वरून भांडायला येनार हायत?" पाळकसाहेब म्हणाले, "माफी देवाची असते सर, तुमी फकस्त तांब्या धरा." दोघांचंही बरोबर आहे. पण आई देवाकडे मागत नाहीये ना. देवानं तिला केव्हाच पोटात घातलं असेल, माझा तेवढा विश्वास आहे. ती तुमच्याकडे मागते आहे. तिची गाडी केव्हाच वळली, बाबा. ती वळून येऊन तुमच्या दारात उभी आहे, आणि दार उघडायला घरात कुणी नाही. अशा वेळी काय करायचं, हे तुम्ही त्या दिवशी घास हातात धरून सांगितलं नाहीत.

यंदाच्या राखेच्या बुधवारी सुनेनं तिला पांढरी साडी नेसवली, वेणी घातली. देवळात जायचं एवढं तिला कळलं होतं. मी बूट घालत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात आली, ओंजळ केली आणि तेच म्हणाली. मी उठलो. सुनेनं तांब्या भरून ओट्यावर आधीच ठेवला होता. मी तो उचलला आणि आईच्या ओंजळीत पाणी घातलं, अगदी जवळून, माझी बोटं तिच्या बोटांना लागतील इतक्या जवळून. तिनं तोंडावरून ओले हात फिरवले. डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मला वाटलं, संपलं. एवढंच होतं आणि त्यासाठी इतकी वर्षं गेली. मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात तिनं माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. "आता तुमी," म्हणाली. मला कळेना. ती म्हणाली, "तुमचं ऱ्हायलंय न्हवं? धरा की हात." आवाज अगदी जुना, माझ्या लहानपणचा, बघू का नको घालू म्हणणाऱ्या बाईचा. मी ओंजळ धरली. ती थांबली होती. आमच्याकडे नुसती ओंजळ चालत नाही, बोलावं लागतं. मी तुमच्या जागी उभा होतो, बाबा, आणि तुमच्या जागी उभं राहून काय म्हणायचं ते मला त्या क्षणी एकदम लख्ख दिसलं. मी म्हणालो, "माझ्या आईनं तुला वरून पाणी घातलं तेव्हा मी खांबाला टेकून उभा होतो. काही बोललो नाही. माझं चुकलं. मला पोटात घाल."

आई माझ्याकडे बघत राहिली. इतकं सरळ तिनं कित्येक महिन्यांत कुणाकडे पाहिलं नव्हतं. तांब्या हळूहळू वर आला, कललाही थोडा. मग तिची नजर तांब्यावर गेली आणि तिथेच अडकली. कपाळाला आठ्या पडल्या. "ह्ये पानी कुनाला आनलं?" तिनं विचारलं. "कुनाला तहान लागली का?" आणि तिनं तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा सगळं पाणी पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसलं. "चला," म्हणाली, "घंटा हुईल." माझी ओंजळ तशीच होती. सुनेनं येऊन माझे हात खाली केले.

देवळात पाळकसाहेबांनी तिच्या कपाळाला राख लावली, जुन्या डागाच्या शेजारी. तेलात कालवलेली होती, मी आधी विचारून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. हात पुढे. "माझं चुकलं. मला पोटात घाला." मी पाणी घातलं. आता रोज घालतो. तिला बरं वाटतं, चहा होईपर्यंत टिकतं. पुन्हा माझ्या हातातून तांब्या मात्र तिनं कधी घेतला नाही. तुमचं राहिलं आहे हे तिला तेवढ्यापुरतं आठवलं होतं, ते गेलं.

मग माझ्या मनात आलं की निदान मी तरी यावं. लातूरला, कब्रस्तानात. तुमच्या डोक्यापाशी उभं राहावं आणि आईच्या वतीनं, माझ्या वतीनं, दगडावर पाणी घालावं. सुनेला कॉलेजचं काम आहे असं सांगितलं. घरच्या माठातलं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि सकाळच्या लातूर गाडीत बसलो. बाटली मांडीवर धरून बसलो होतो. लोहा गेलं. वाटेत सारखं तुमचं ते बोट आठवत होतं, तेल लावणारं. आणि सारखी ती सायकल आठवत होती, हँडलला डबा अडकवलेली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, लोक चहाला उतरले, मीही उतरलो. कंडक्टरनं घंटी दिली, हाक मारली, मी हललो नाही. समोर नांदेडची गाडी लागली होती, तिच्यात येऊन बसलो. आईनं माफी मागितली नसती तरी मी तिला पाणी घातलं असतं. तुम्ही मागितलीच नाहीत, आणि मला अजून तुमचा राग येतो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. बाटली रिकामी घेऊन घरी आलो. सुनेनं विचारलं, पाणी संपलं वाटतं? मी म्हणालो, ऊन लई होतं, तहान लागली, अहमदपूरला पिऊन टाकलं. प्यायलो मीच, पण तहान लागली नव्हती, बाबा.